सगुणाच्या डोक्यातलं पाणी

मूलहून चंद्रपूरकडे येताना जंगलाचा पट्टा लागतो. परवा तिथे ड्रायव्हरने एसी बंद करून चारही काचा खाली केल्या आणि म्हणाला, "घ्या मॅडम, मोह पडून राह्यला." जणू पदरच्या पैशाने अत्तर शिंपडत होता. वास आलाच. गोड, आंबूस, जरा उबदार. मी म्हटलं, काचा वर करा. त्याचा चेहरा पडला. मोहाचा वास नकोसा वाटणारं माणूस त्याने या रस्त्यावर पाहिलं नसावं.

मोहाबद्दल प्रेमाने लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल लिहावं. पळस झडून गेला, ऊन चटके देऊ लागलं आणि हा वास आला की माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणकायला लागतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. एक हंगाम आठवतो, एवढंच.

काचेबाहेर बायका वाकून फुलं वेचत होत्या. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली असते, म्हणजे पडलेलं पिवळसर फूल उठून दिसतं. आमच्या कामातही संगणकावर मेंदूभोवतीचं सगळं आधी काळं करून घेतात आणि मगच आत बघतात. हे साम्य पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! भेटेल त्याला सांगत सुटले होते. हल्ली कुणाला सांगत नाही.

मी मूळची घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत. झाडांचा खरा रंग आम्हाला फक्त पावसाळ्यात दिसायचा, बाकी वर्षभर पानांवर सिमेंट आणि कोळसा यांची साय. जंगल इतकं जवळ असून मोहाचं झाड मी नीट पाहिलं ते नोकरीला लागल्यावर, तेही संशोधनाच्या जीपमधून. माझं काम एमआरआयचं, आणि त्यातही डिफ्यूजन नावाच्या एका पद्धतीचं. आई विचारायची, "तू डॉक्टर हायेस का मशीनवाली?" मी म्हणायचे, मशीनवाली. मग ती शेजारणींना सांगताना विषय बदलायची.

मेंदूत करड्या सालीच्या आत पांढरा भाग असतो. तिथे विचारांची ने-आण चालते, बारीक तंतूंच्या जुडग्यांमधून. या तंतूंत पाणी असतं आणि पाणी कधी गप्प बसत नाही. तंतू धड असले की ते त्यांच्या लांबीने सरकतं, आडवं फारसं जात नाही. तंतू झिजले की वाट्टेल तिकडे पसरतं. आमची पद्धत तंतू बघतच नाही. पाणी कुठल्या दिशेला किती सरकलं हे ती मोजते आणि त्यावरून तंतूंचा अंदाज बांधते. शहरातल्या सुशिक्षितांना हे सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस यायचा. गडचिरोलीतल्या गावांत कधी त्रास पडला नाही. इथे सगळे धानवाले. बांधीची पार, म्हणजे धानाच्या खाचराचा बांध, धड असली की पाणी पारीच्या कडेकडेने जातं, पार फुटली की भलतीकडेच पसरतं. एवढं म्हटलं की माना हलायच्या.

आम्ही शोधत होतो ते सिकलसेलमुळे होणारं नुकसान. या जिल्ह्यांत हा आजार किती घरांत आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडंन्‌हाडं ठणकायला लागतात. ते दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कधी कधी त्या पेशी मेंदूतही अडकतात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, कुणाला काही कळत नाही. फक्त माणूस जरा हळू होतो. तो हळूपणा पाण्याच्या वाटेत दिसतो का, हा आमचा प्रश्न होता.

संशोधनाचा निधी मार्चअखेर संपवावा लागतो आणि मोहही मार्चमध्येच पडतो. वेळापत्रक आखणाऱ्याने कधी टोपली धरलेली नसते. मुलचेऱ्याकडच्या ज्या गावातून आम्हाला माणसं न्यायची होती, तिथे गावपूजा झाल्याशिवाय कुणी मोहाच्या फुलाला हात लावत नाही. फुलं पडून वाया गेली तरी चालतील, पण देवाच्या आधी नाही. एकदा पूजा झाली की मग सगळं गाव पहाटेपासून झाडाखाली. आमची जीप पोचली ती नेमकी पूजेच्या दुसऱ्या सकाळी. घरांना कड्या, रस्त्यात कोंबड्या. गावच्या आशाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता कोन येते मॅडम तुमच्या फोटोले?"

जे झाडाखाली नव्हते ते आले. दोन म्हातारे, एक बाळंतीण, आणि सगुणा.

सगुणा विशीतली. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, मनगटं काडीसारखी, कडेवर लहान मुलगी. जीपपाशी ती उभी असतानाच तिची सासू जनाबाई झाडाखालून आली, डोक्यावर भरलेली टोपली, पाय राखेने काळे. तिने टोपली उतरवली, सुनेच्या कडेवरून नात उचलून घेतली आणि म्हणाली, "जाय. इथी राहून तरी कोनता उजेड पाडून राह्यली?" मग माझ्याकडे वळून, तक्रार नव्हे, माहिती द्यावी तशी म्हणाली, "आळशी हाये बाई हे. सिकल तं माह्या भावालेबी होता, तो नांगर धरे. हिचं दुखनं अंगाले कमी अन् मनाले जास्त."

जनाबाई वाईट होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. मुलगा तेलंगणात मिरचीच्या तोडणीला गेलेला, घरात कामाचे हात तिचे दोनच.

जीप चंद्रपूरकडे निघाली, आष्टीचा पूल आला. मी सगुणाला विचारलं, सासू असं का म्हणते. ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं, तिला प्रश्न आवडला नाही. तशी ती नेहमीच थांबायची, हे मला नंतर कळलं. म्हणाली, "चहा मांडला का आता काय टाकाचं ते आठवत आठवत पानी आटून जाते. मोह वेचाले सगळ्यायसंग बसते मी. त्यायच्या टोपल्या भरून जाते, माही अर्धीच. मी बसून नाई राहत, बाई. हात चालूच राह्यते. पन होतच नाई."

चंद्रपूरच्या केंद्रात रविवारी रुग्ण नसत, तेव्हा यंत्र आम्हाला मिळायचं. साधा स्कॅन लोक सहन करतात. डिफ्यूजनच्या वेळी मात्र यंत्र धान मळायच्या मशीनसारखं धडधडतं, खालचा पाट थरथरतो, आणि ते लवकर संपत नाही. भलेभले चुळबुळ करतात, आणि डोकं जरा हललं की पाण्याची चाल कुठली आणि डोक्याची कुठली ते कळेनासं होतं. सगुणा हललीच नाही. एकदाही नाही. आमचा तंत्रज्ञ पडद्याकडे बघून म्हणाला, "बाई आहे का पुतळा?" बाहेर आल्यावर मी तिचं कौतुक केलं, तर तिला त्यात कौतुकासारखं काय ते कळेना. "दुखते तवा हाललं का जास्त दुखते ना बाई. दिवस-दिवस तशीच पडून राह्यते मी. सवय हाये." त्या सवयीला घरी आळस म्हणत होते आणि आमच्याकडे उत्तम प्रतीची माहिती.

मग बुद्धीच्या चाचण्या. आकडे उलट्या क्रमाने सांगा, चित्रातला फरक ओळखा. सगुणाची उत्तरं बरोबर यायची आणि उशिरा यायची. घड्याळ लावलेलं नसतं तर ती हुशार ठरली असती.

आमच्या केंद्राची एक पद्धत होती. स्कॅनला आलेल्या प्रत्येकाला त्याच्या मेंदूतल्या तंतूंचं रंगीत चित्र छापून द्यायचं, आभार म्हणून. डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू तांबडे, पुढून मागे हिरवे, वरून खाली निळे. दिसायला इतकं देखणं की मंत्री आले तरी हेच चित्र दाखवतात. लोक खूश होऊन घरी नेत. सगुणानेही तिचं चित्र पदराआड धरून नेलं.

साध्या स्कॅनवर डॉक्टरांना तिच्या मेंदूत बारीक जुने व्रण दिसले. न कळता येऊन गेलेले झटके. त्यांनी तसं लिहून दिलं आणि औषध नियमित घ्यायला सांगितलं. डिफ्यूजनचे तिचे आकडेही वाईट होते, पण त्याबद्दल बोलायची आम्हाला मुभा नव्हती, आणि ते योग्यच होतं. ही पद्धत अजून गटाबद्दलच खात्रीने बोलते. आजारी इतके आणि निरोगी इतके समोरासमोर ठेवले तर फरक सांगते. एकटं माणूस समोर बसवून, हिचं पुढे काय होणार, असं विचारलं की मूग गिळून बसते.

एप्रिलमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला आम्ही पुन्हा गावात गेलो. अंगणाअंगणात मोह वाळत होता, मनुकांसारखा आक्रसलेला, आणि वास असा की कपड्यांत शिरून बसावा. जनाबाईच्या घरात देवाच्या शेजारी सगुणाचं चित्र लावलेलं होतं, प्लास्टिकमध्ये घालून. मला बरं वाटलं. क्षणभरच.

"पाहा ना बाई," जनाबाई म्हणाली, "कसं भरेल हाये डोकं! कुठी खाली जागा नाई. असं झ्याक डोकं माह्यं बी नसन. अन् म्हने मले आठवत नाई. नाचता येईना अंगन वाकडं."

सगळ्या टोल्याने, त्या वस्तीतल्या घराघराने, ते चित्र पाहिलं होतं. आधी सगुणा आळशी असल्याचा संशय होता, आता पुरावा मिळाला होता, रंगीत, आमच्या केंद्राने छापलेला. आमच्या चित्रांची खोड हीच. ती नेहमीच सुंदर येतात. रंग फक्त दिशा सांगतो, तब्येत सांगत नाही. संगणकाला जिथवर वाट सापडते तिथवर तो रेघ ओढतो, जिथे सापडत नाही तिथे मुकाट थांबतो, आणि न ओढलेली रेघ बघणाऱ्याला दिसणार कशी?

सगुणाने मला हातपंपापाशी गाठलं. हांडा भरून वाहायला लागला तरी ती दांडा मारत होती. म्हणाली, "मले जास्तीची दवाई नको, बाई. काई नको. सासू आळशी म्हनते ना मले, तेवढं काढून टाका. तुमी सांगतलं तं आयकन ते."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तिची इच्छा असेल तर व्रणांबद्दल जरूर सांगा, कुटुंबाला कळायलाच हवं. मग अंगणात, वाळत्या मोहाच्या कडेला बसून, मी जनाबाईला सगळं सांगितलं. चित्रातल्या रंगांचा अर्थ. बांधी, पार, पाणी. सगुणाच्या डोक्यात काही ठिकाणी पार फुटली आहे, निरोप निघतो पण वळसा घेऊन पोचतो, म्हणून ती हळू आहे. ती कामचुकार नाही. शेवटी जनाबाईने दोनच प्रश्न विचारले.

"हे भरून येते का?"

"नाही."

"अजून होऊ शकते?"

"होऊ शकतं. औषध घेतलं तर शक्यता कमी."

जनाबाई उठली, सगुणाजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागली. "माय वो! अन् मी हिले आळशी म्हनो." सगुणाही रडली, जरा उशिराने. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं पाण्याच्या मागे लागले त्याचं सार्थक झालं, असं वाटलं. परतताना जीपच्या काचा खाली करायला मीच सांगितलं होतं आणि रस्ताभर तो वास छाती भरून घेतला होता.

पुढे आमचा लेख छापून आला. गटांमधला फरक स्पष्ट निघाला. त्यात सगळ्यांचे मेंदू एकमेकांवर बसवून केलेला एक नकाशा आहे, खराब जागा पिवळ्या ठिपक्यांनी दाखवलेला. त्या नकाशात सगुणा आहे. पण नक्की कुठे आहे, ते मलाही बोट ठेवून दाखवता येणार नाही.

पुढच्या मोहाला पुन्हा गेलो, दुसऱ्या स्कॅनसाठी माणसं विचारायला. या वेळी पूजा होऊन बरेच दिवस झाले होते. सगुणा अंगणात खाटेवर बसलेली होती. गाल भरले होते, केसांना तेल, अंगावर धुतलेलं लुगडं. एवढी नीटनेटकी मी तिला पाहिलीच नव्हती. मी हसत विचारलं, "काय, आता कुणी आळशी म्हणत नाही ना?"

"नाई," ती म्हणाली. मग तिचा तो थांबा आला. मला आता त्याची सवय झाली होती, मी वाट पाहिली. "आता कोनी काहीच म्हनत नाई. चुलीजोळ जाऊ देत नाई. हातपंपावर नाई, मोहाखाली नाई. सासू म्हनते, तुही पार फुटली माय, तू बस. चांगलं पाहते मले, दवाई स्वतःच्या हातानं देते." पुन्हा थांबा. "आळशी होती तवा पोरगी माह्यापाशी झोपे, बाई."

आधी मला नीट उमगलंच नाही. मुलगी आता आजीपाशी झोपत होती. आगीतून फुफाट्यात, ही म्हण मी लहानपणापासून वापरत आले, त्यातला फुफाटा मला त्या अंगणात पहिल्यांदा दिसला.

तेवढ्यात जनाबाई आली, टोपली घेऊन, आणि मागे नात. मी सरळच विषय काढला. म्हटलं, जनाबाई, मुलगी आईपाशी झोपली तर काही बिघडत नाही. तिला थोडं काम करू द्या, लेकराला घेऊ द्या.

जनाबाईला राग आला नाही. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "तुमीच तं सांगतलं ना बाई, भरून येत नाई म्हून. अजून होऊ शकते म्हून. सांगतलं का नाई?"

"सांगितलं. पण त्याचा अर्थ असा नव्हता."

"मंग कसा? मोहाखाली अस्वल येते. हिले उठून पयाले किती वेळ लागन? लेकरू कडेवर हाये अन् अजून पार फुटली अन् हात सुटला तं?"

"सुटणार नाही हो."

"कशावरून?" तिने विचारलं, आणि त्या विचारण्यात वाद नव्हता, खरोखरची आशा होती. "तुमच्या मशीनीत दिसते का तसं? दिसत असन तं सांगा. हात सुटनार नाई असं तुमी म्हना, आजपासून पोरगी तिच्यापाशी झोपन. माह्यं काय हाये त्यात? माह्यी बी झोप होईन."

जीपमध्ये माझ्या लॅपटॉपवर सगुणाचा सगळा मेंदू होता. पाण्याची प्रत्येक दिशा होती. सगुणा खाटेवरून माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं आणि ते लगेच हवं होतं, या वेळी थांबा माझा होता. हो म्हणून टाकावं असं मनापासून वाटलं. मग अस्वल डोळ्यांसमोर आलं, आणि ती मुलगी.

"नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं.

जनाबाईने मान हलवली. जिंकल्यासारखी नाही, दमल्यासारखी. ती टोपली रिकामी करायला लागली.

नातीने मुठीत काही फुलं जपून आणली होती. सगुणाने ते पाहिलं आणि दोन्ही हात पसरले, तिचं सगळं जसं हळू असतं तसेच हळू. हात पुरते उघडेपर्यंत मुलीने आजीच्या तोंडाकडे बघून घेतलं होतं.

"जाय," जनाबाई म्हणाली, "पन कडेवर नको बसू, माय."

मुलगी खाटेपर्यंत गेली, मूठ उघडून फुलं काठावर ठेवली आणि आजीकडे परत आली.